डिझेलची जागा इलेक्ट्रिक ट्रक घेईल का? आधी गाडीची फेरी सांगा

प्रश्न यावल तालुक्यातल्या एका तरुण गाडीमालकाचा आहे. घरी तीन गाड्या आहेत. वडिलांच्या काळातली दहाचाकी रावेर-सावद्याची केळी भरून दिल्लीला जाते. चौदा फुटी आयशर जळगाव एमआयडीसीत मिळेल तो माल उचलते. तिसरा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस. ते विचारतात, "इलेक्ट्रिक ट्रक डिझेलला हटवणार असं जो तो सांगतोय. दहाचाकी मोडीत काढून सबसिडीवर इलेक्ट्रिक घ्यावी का? की अजून दहा वर्षं डिझेलच चालेल?"

भाऊ, भुसावळात ट्रान्सपोर्ट करायला लागून मला तीस वर्षं होतील. डिझेल दहा रुपयांच्या आत होतं तेव्हापासून गाड्या पाहतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या गाडीचा उद्याचा मुक्काम तुम्हाला आज माहीत आहे, ती इलेक्ट्रिक होणार आणि तुम्हाला वाटतं त्याच्या आधी होणार. ज्या गाडीला भाडं मिळेल तिकडे जायचं असतं, ती अजून बरीच वर्षं डिझेलवर राहणार. तुमची दहाचाकी दुसऱ्या प्रकारातली आहे, म्हणून ती मोडीत काढू नका. आता असं का म्हणतो ते सविस्तर.

आपण भुसावळकर इलेक्ट्रिक इंजिनं लहानपणापासून पाहतो. इथे लोको शेड आहे, अख्ख्या मालगाड्या विजेवर जातात आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. विजेच्या मोटरीला ओझं ओढता येईल का, ही शंका आपल्या भागात कुणाला पडूच नये. पण रेल्वेच्या इंजिनाला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते. ट्रकला आपली वीज आपल्याच पाठीवर वाहून न्यावी लागते. घोळ सगळा इथे आहे.

तुमच्या दहाचाकीच्या टाकीत ३०० लिटर डिझेल आहे असं धरा. एका लिटरमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली जेमतेम ४० टक्के कामाला लावतं, बाकी सायलेन्सर आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते. म्हणजे कामाची झाली १,२०० युनिटं. मोटर फार वाया घालवत नाही, तिला १,३५० युनिटांची बॅटरी पुरेल. पण आजच्या ट्रकांत बसणारी बॅटरी युनिटामागे सहा-सात किलो भरते. तेवढी बॅटरी आठ-नऊ टनांची होईल. दहाचाकीचं पासिंग, म्हणजे मालासकट परवानगी असलेलं एकूण वजन, २८.५ टन, गाडीचं स्वतःचं वजन काढलं की माल उरतो अठरा-एकोणीस टन. त्यातला निम्मा बॅटरीलाच द्यायचा तर केळी कशात भरायची? म्हणून कंपन्या एवढी बॅटरी बसवतच नाहीत. अडीचशे-तीनशे युनिटांवर थांबतात आणि वाटेत चार्ज करा म्हणतात.

केळीला वाटेत थांबणं परवडत नाही. सावद्याहून दिल्ली हजार-अकराशे किलोमीटर आहे. कच्ची केळी, वर ताडपत्री, आत केळीचा पाला, आणि बाहेर एप्रिलचं ऊन. दोन ड्रायव्हर आळीपाळीने चालवतात, कारण उशीर झाला की माल गाडीतच पिकायला लागतो आणि मंडीतला व्यापारी भाव पाडतो. त्यात पाच-सहा वेळा तास-दीड तास चार्जिंग, तेही चार्जर रिकामा आणि चालू सापडला तर. परत येताना कुठला माल मिळेल आणि तो कानपूरचा असेल की अहमदाबादचा, हे दिल्लीत उतरल्याशिवाय कळत नाही. ही फेरी बॅटरीची नाही. आज तरी नाही.

आता उलट बाजू. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका कंपनीने मला आठ दिवस ट्रायलला इलेक्ट्रिक घोडा दिला होता. घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा भाग. हा ५५ टनी ट्रेलर ओढणारा, अडीचशे युनिटांची बॅटरी. दीपनगरच्या वीज केंद्रातून राखेचा बल्कर, म्हणजे बंद टाकीचा ट्रेलर, भरायचा, जळगावकडे पस्तीस किलोमीटरवर खाली करायचा आणि रिकामं परतायचं. चार्जर आमच्याच यार्डात लावला होता. गाडीवर आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर दिला, वीस वर्षं घोडाच चालवणारा. पहिले तीन दिवस त्याचा डावा पाय क्लच शोधत होता. फाटकापाशी, गर्दीत, गतिरोधक आला की हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे जायचा आणि हवेतच थांबायचा. इंजिनाच्या आवाजावरून गाडीवरचं ओझं कळतं असं तो नेहमी म्हणायचा, इथे आवाजच नव्हता. मग त्याने डोळे स्क्रीनवरच्या टक्क्यांवर लावले. चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी लावून माझ्याकडे आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "शेठ, आज कान नाही वाजत." वीस वर्षांत तो हे पहिल्यांदा बोलला. बाहेर पारा पंचेचाळीसवर होता आणि त्याचा शर्ट कोरडा होता. २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ती डिझेललाही लागू आहे. पण आवाज, कंप आणि पायाखालची इंजिनाची धग डिझेलच्या गाडीतून जात नाही. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून आपण सगळे रडतो, तेव्हा ही गोष्ट हिशेबात धरा.

या आठ दिवसांची वही माझ्याकडे आहे. भरलेली गाडी किलोमीटरला दीड युनिट खायची, रिकामी पाऊणाच्या थोडं वर. एका फेरीला ८२ युनिटं, चार्ज करतानाची गळती धरून ९०. माझ्या यार्डात स्थिर आकार धरून युनिट १२ रुपयांना पडतं असं समजा, म्हणजे फेरीला १,०८० रुपये. त्याच फेरीला डिझेलचा घोडा भरलेला लिटरला अडीच, रिकामा साडेचार देतो. २२ लिटर झाले. डिझेल ९१ धरलं तर २,००० रुपये. एका फेरीला ९०० रुपयांच्या वर वाचले. ऑइल, फिल्टर, धूर साफ करायला टाकायचा युरिया, क्लच प्लेट यांचा खर्च वेगळा वाचतो.

इथपर्यंत ऐकून लोक गाडी बुक करायला निघतात. थांबा.

मला आलेलं कोटेशन सव्वा कोटीच्या पुढचं होतं. तशाच डिझेल घोड्याला पंचेचाळीस-पन्नास लाख लागतात. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत साडेतीन टनांच्या वरच्या इलेक्ट्रिक ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख मिळतात. ते वजा केले तरी सत्तर लाखांच्या आसपास फरक उरतो. दिवसाला चार फेऱ्या आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर डिझेलमधून वाचतात अकरा लाख. सत्तर लाखांवरचं व्याजच सात-आठ लाख होतं. म्हणजे मुद्दल फिटायच्या आधी बॅटरी म्हातारी होईल. सात फेऱ्या झाल्या तर वाचतात एकोणीस लाख, आणि मग गणित जमतं.

सात फेऱ्या का होत नाहीत? रस्ता तर पस्तीस किलोमीटरचाच आहे. ट्रायलच्या वहीत चालण्याचे तास कमी आणि उभं राहण्याचे जास्त निघाले. भरायला रांग, वजनकाट्यावर रांग, खाली करायला रांग, जेवणाच्या सुट्टीत हमाल नाही, पावतीवर सही करणारा साहेब जागेवर नाही. पन्नास लाखांची गाडी रांगेत उभी असते तेव्हा आपण मनातल्या मनात चडफडतो. सव्वा कोटीची उभी राहिली तर हप्ता आपल्याला खातो. इलेक्ट्रिक गाडीची सगळी किंमत आधीच मोजलेली असते, नंतरचं चालणं स्वस्त. म्हणून ती चाललीच पाहिजे. डिझेलची गाडी पडून राहिली तर निदान तेल तरी जळत नाही. खानदेशात इलेक्ट्रिक ट्रक यायला चार्जरपेक्षा मोठा अडथळा मला ही रांग वाटते, आणि ती ट्रान्सपोर्टवाल्याच्या हातात नाही, माल देणाऱ्याच्या हातात आहे. ज्या कारखान्याने गाडी आल्यापासून तासाभरात भरून सोडायची शिस्त लावली, त्याच्याकडे पहिल्या इलेक्ट्रिक गाड्या लागतील.

चीनमध्ये हेच झालं. २०२५ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या जड ट्रकांत पाचातल्या एकाहून जास्त गाड्या इलेक्ट्रिक होत्या, आणि सुरुवात बंदरं, खाणी, पोलाद कारखाने अशा बांधलेल्या फेऱ्यांवरून झाली. बॅटरी काढून दुसरी बसवायची केंद्रंही तिथे पुष्कळ आहेत. तेव्हा "होईल का" हा प्रश्न आता उरलेला नाही. कुठल्या फेरीवर आणि कुणाच्या पैशावर, एवढंच उरलंय.

पैशाचं बोलायचं तर, आपल्याकडे गाडीमालक बनतो तो जुन्या गाडीवर. तुमच्या वडिलांनीही पहिली गाडी सेकंडहँडच घेतली असणार. पाच-सात वर्षं वापरलेली डिझेल गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक दारात येतं, कारण तिचं इंजिन कुठलाही मेस्त्री खोलू शकतो. जुन्या इलेक्ट्रिक ट्रकला आज बाजारच नाही. बॅटरी किती उरली आहे हे कुणी डोळ्यांनी सांगू शकत नाही. फायनान्सवाल्याला हे माहीत असतं, म्हणून तो व्याज जास्त लावतो, मुदत कमी देतो आणि कराराचा कागद मागतो. सबसिडीच्या नियमात बॅटरीला ५ वर्षं किंवा ५ लाख किलोमीटरची वॉरंटी सक्तीची केली आहे, ती चांगली गोष्ट आहे. पण पाच वर्षांनंतरच्या गाडीची किंमत काय, याचं उत्तर त्यात नाही.

सबसिडीला जुना ट्रक मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. तुम्ही यासाठीच दहाचाकी मोडायला निघालात. पण ते प्रमाणपत्र तुमच्याच गाडीचं असावं असं नाही, ते विकत मिळतं. चालती, कमावती गाडी त्यासाठी मोडू नका. योजनेत साधारण ५,६०० ट्रकांपुरताच पैसा आहे, मुदत मार्च २०२८ पर्यंत आहे आणि पैसे संपले की खिडकी बंद. बाकी सवलतींत बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला २०१८ पासून परमिट लागत नाही. टोलमाफीच्या भरवशावर मात्र राहू नका. समृद्धी महामार्गावर २०२५ मध्ये इलेक्ट्रिक वाहनांना जी माफी दिली ती कार आणि बसना आहे, मालाच्या गाड्यांना नाही.

घाटाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तो विषय माझ्या मनाला लागलेला आहे. सेंधव्याकडून बिजासन घाट उतरताना भरलेल्या गाड्यांचे ब्रेक तापून निकामी होतात हे या रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. जुलै २०२३ मध्ये पळासनेरला कंटेनर हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. ब्रेक फेल झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्या रस्त्याने माझ्या गाड्या आजही जातात. गाडी घाट उतरून पळासनेर पार झाल्याचा ड्रायव्हरचा फोन येईपर्यंत मी जेवायला बसत नाही. इलेक्ट्रिक ट्रकमध्ये उतारावर मोटरच जनरेटर होते, गाडीला मागे ओढून धरते आणि वीज बॅटरीत परत भरते. ब्रेक लायनरला फार कमी काम पडतं. कुठलाही हिशेब न करता मला ही गाडी हवीशी वाटते ती या एका कारणासाठी. मात्र एक गोष्ट ड्रायव्हरला शिकवावी लागते. बॅटरी शंभर टक्के भरून उतार लागला तर वीज ठेवायला जागा नसते आणि तो आधार मिळत नाही. घाटाच्या माथ्यावर बॅटरी थोडी रिकामी ठेवूनच पोचायचं. चढाचा हिशेब वेगळा. नवापूरकडून साक्रीला येताना कोंडाईबारीत वर चढणारी गाडी टक्के झरझर खाते, तेव्हा सपाटीवरच्या आकड्यावर विसंबून निघू नये. आणि रस्ता बदलला तर? कन्नड घाटात २०२३ पासून जड वाहनांना बंदी आहे. चाळीसगावहून संभाजीनगरला जायला मोठा वळसा पडतो. डिझेलवाला पंपावर थांबतो आणि पुढे जातो. बॅटरीवाल्याला आख्खी फेरी नव्याने मांडावी लागते.

यार्डात वीज आणणं हे गाडी आणण्याइतकंच मोठं काम आहे. १८० किलोवॉटचा एक चार्जर लावायचा तरी घरगुती किंवा दुकानाच्या लाइनवर भागत नाही. ११ केव्हीचं एचटी, म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन घ्या, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवा. चार्जर, ट्रान्सफॉर्मर, केबल मिळून एका लहान ट्रकची किंमत होते. महावितरणकडे अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, काम, यात महिने जातात, म्हणून गाडीच्या आधी कनेक्शनचा अर्ज करा. मे महिन्यात दुपारी चार्जर आणि बॅटरी दोन्ही तापतात, तेव्हा स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. आमच्या ट्रायलमध्ये सकाळी तासाभरात होणारं चार्जिंग दुपारी पावणेदोन तासावर गेलं होतं. चार्जरवर पत्र्याची शेड घातली, बाजूने वारा मोकळा ठेवला, तेव्हा थोडं सुधारलं.

बिघाडाचंही सांगून ठेवतो. सहाव्या दिवशी गाडी यार्डाच्या फाटकात उभी राहिली ती हललीच नाही. मोटर ठीक, बॅटरी ठीक, स्क्रीनवर लाल अक्षरं. भुसावळातले मेस्त्री लोक भोवती जमले, पण ६०० व्होल्टच्या नारिंगी केबलला कुणी हात लावेना, आणि त्यांनी लावूही नये. पुण्याहून इंजिनिअर आला, लॅपटॉप जोडला, वीस मिनिटांत गाडी सुरू करून दिली. पण तो यायला दोन दिवस गेले. विकत घेतलेल्या गाडीचे दोन दिवस म्हणजे, गणित जमवणाऱ्या सात फेऱ्यांच्या हिशेबाने, चौदा फेऱ्या. जळगाव किंवा धुळ्यात माणूस ठेवायला तयार नसलेल्या कंपनीची गाडी, कितीही स्वस्त असली तरी, घेऊ नका.

प्रदूषणाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण यावर खोटं बोललं जातं. माझ्या त्या राखेच्या फेरीला डिझेल जळून ५९ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तेवढ्याच फेरीला ९० युनिटं लागली. आपल्या देशाच्या विजेत कोळसा एवढा आहे की युनिटामागे ०.७ किलोच्या पुढे पडतो, म्हणजे ६५ किलोच्या आसपास. डिझेल काढण्या-शुद्ध करण्याचा भाग त्यात मिळवला तर दोन्ही साधारण सारखे. पण जळगावच्या अजिंठा चौफुलीवर श्वास घेणाऱ्याच्या नाकात तो धूर जात नाही, हा फरक खरा आहे. आणि डिझेलचा आकडा कधीच कमी होणार नाही, विजेचा होऊ शकतो. साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. आपल्याकडे ऊन फुकट आहे. गाडी दुपारी चार्ज झाली आणि यार्डाच्या छपरावर पॅनल असले, तर खर्चही उतरतो आणि ते ६५ किलोही उतरतात.

आता तुमच्या तीन गाड्या. दहाचाकी राहू द्या. जुनी झाली असेल तर बीएस-६ डिझेल सेकंडहँड बघा, आणि केळी रेल्वेने जाण्याचं प्रमाण वाढतंय का यावर लक्ष ठेवा. लांबच्या केळीची खरी स्पर्धा बॅटरीशी नाही, रुळाशी आहे.

छोटा हत्ती आधी बदला. टाटाचा इलेक्ट्रिक एस २०२२ मध्ये आला, २१.३ युनिटांची बॅटरी, कंपनी १५४ किलोमीटर सांगते. माल भरून, उन्हात, एसटीच्या मागे थांबत-थांबत शंभर धरा. जळगावच्या एखाद्या एजन्सीचा माल फैजपूर-सावद्याच्या दुकानांना टाकून संध्याकाळी घरी यायला तेवढे पुरतात, आणि गाडी रात्री तुमच्या अंगणातच उभी असते. मोठा चार्जर लागत नाही. पीएम ई-ड्राइव्हची ट्रकांची सबसिडी या वजनाच्या गाडीला नाही, तरी रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर होत असतील तर परवडेल. घरातल्या माणसांना, ड्रायव्हरला, तुम्हाला बॅटरीची सवय लागेल ती याच गाडीवर.

आयशरचा निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका. एमआयडीसीतल्या ज्या दोन-तीन कारखान्यांचा माल तुम्ही सगळ्यात जास्त उचलता, त्यांच्याकडे जा. चटईवाले, पाइपवाले, डाळ मिलवाले, सगळ्यांचं रेल्वेच्या गुड्स शेडपर्यंत किंवा गोदामापर्यंतचं रोजचं ठरलेलं काम असतं. त्यांना सांगा, पाच वर्षांचा लेखी करार द्या, महिन्याला किमान इतके किलोमीटर नक्की द्या, तासाभरापेक्षा जास्त थांबवलं तर तासाला इतके रुपये हॉल्टिंग द्या, मी इलेक्ट्रिक आणतो आणि भाडं डिझेलच्या भावावर हलवणार नाही. डिझेलचा भाव वाढला की भाड्यावरून दरवेळी होणारी घासाघीस टळते म्हणून काही जण तयार होतील. हॉल्टिंगचं कलम ऐकून जो हसेल त्याच्यासाठी इलेक्ट्रिक गाडी आणू नका. जो "बसा" म्हणून चहा मागवेल आणि किती रुपये हॉल्टिंग ते विचारेल, त्याचा करार घेऊन मग बँकेत जा.